वांसद्याची पेटी आणि महालक्ष्मीचा वाद्यमेळ

फिल्मफेअरची काळी बाहुली शंकर-जयकिशन या जोडीने नऊ वेळा घरी नेली. ‘चोरी चोरी’पासून ‘बेईमान’पर्यंत, १९५७ ते १९७३ या काळात. नामांकनं तर त्याहून कितीतरी अधिक. हिंदी चित्रपटसंगीतात त्या काळी एवढ्या बाहुल्या दुसऱ्या कोणाकडे नव्हत्या. तरीही या नवांपैकी एकही बक्षीस जयकिशन यांना ज्या कामासाठी मिळायला हवं होतं, त्या कामासाठी मिळालेलं नाही असं माझं ठाम मत आहे. चित्रपटात पात्रं बोलत नसताना, किंवा बोलत असताना त्यांच्या मागे जो वाद्यमेळ वाजत राहतो, त्या पार्श्वसंगीतात या माणसाचा हात धरणारं त्या पिढीत फार कोणी नव्हतं. आणि त्या कामाला तेव्हा बक्षीसच नव्हतं.

हा माणूस आला कुठून, ते आधी पाहू. सुरतेच्या आग्नेयेला, डांगाच्या जंगलाच्या तोंडाशी वांसदा नावाचं छोटंसं संस्थान होतं. सोळंकी राजपूत राजा, नऊ तोफांची सलामी, आणि इंग्रजांच्या हिशेबात ते ‘सुरत एजन्सी’त मोडायचं. याच एजन्सीत शेजारी धरमपूर होतं, तिथल्या महाराणा विजयदेवजींनी ‘संगीतभाव’ हा ग्रंथ लिहिला. तेव्हा हा मुलूख आडवळणाचा असला तरी सुरांना परका नव्हता. मुंबई-सुरत लोहमार्गावरच्या बिलीमोऱ्याहून गायकवाड सरकारची अरुंद रुळांची गाडी वघईकडे निघायची. वाटेत उनाई-वांसदा रोड हे स्टेशन. उनाईला गरम पाण्याचे झरे, आजूबाजूला कोकणा, वारली आणि भिल्ल वस्त्या. कोकण्यांची बोली आपल्याला गुजरातीपेक्षा मराठीच्या जवळची वाटते. डांग ओलांडला की नाशिक जिल्हा लागतो. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि वांसदा सुरत जिल्ह्यात आलं. पुढे १९६४ मध्ये वलसाड आणि १९९७ मध्ये नवसारी जिल्हा वेगळा झाला. जयकिशन डाह्याभाई पांचाळ यांचा जन्म इथला, ४ नोव्हेंबर १९२९ चा.

लहानपणापासून पेटी हे त्यांचं वाद्य. वाडीलालजी आणि मग प्रेमशंकर नायक यांच्याकडे त्यांनी सुरुवातीचे धडे घेतले आणि मुंबईला आल्यावर विनायक तांबे यांच्याकडे शिकले. म्हणजे सुरत भागातल्या या गुजराती मुलाच्या पेटीवर शेवटचा हात फिरला तो एका मराठी गुरूचा. पुढे ज्या माणसाच्या इशाऱ्यावर डझनावारी व्हायोलिनं एकदम उठायची, त्याचं सगळं शिक्षण एका भात्याच्या पेटीवर झालं होतं. एवढं मात्र लक्षात ठेवायला हवं, कारण पुढची गोष्ट यावरच उभी आहे.

मुंबईत चंद्रवदन भट्ट या गुजराती दिग्दर्शकाच्या कचेरीबाहेर कामाच्या आशेने अनेक जण तिष्ठत बसत. तिथे जयकिशन यांची गाठ शंकरसिंग रघुवंशी यांच्याशी पडली. शंकर हैदराबादकडचे, तबल्यात तयार, आखाड्यातल्या मातीत घुमलेलं शरीर. ते पृथ्वी थिएटर्समध्ये तबला वाजवत. पृथ्वीराज कपूर यांच्या त्या कंपनीला पेटीवाला हवा होता, आणि शंकर यांनी या पोराला तिथे नेलं. ऑपेरा हाउसमध्ये नाटकं चालायची. पडद्यामागे बसून प्रसंगानुरूप वाजवायचं, संवाद चढला की सूर उतरवायचा, शांतता पसरली की एखादीच पट्टी दाबून धरायची, हे जयकिशन तिथे रोजच्या रोज शिकले. त्यांच्या पार्श्वसंगीताची शाळा कुठली असं कोणी विचारलं तर मी पृथ्वी थिएटर्सचंच नाव घेईन.

त्याच कंपनीत पृथ्वीराजांचा थोरला मुलगा वावरत होता. राज कपूर यांनी ‘आग’ (१९४८) काढला तेव्हा संगीत राम गांगुली यांचं होतं आणि ही जोडी त्यांच्या हाताखाली होती. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी राज कपूर आणि गांगुली यांचं बिनसलं, आणि ‘बरसात’ या दोन नवख्यांच्या पदरात पडला. गीतकारही नवे: शैलेंद्र हे माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला, हसरत जयपुरी बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर. गायिका लता मंगेशकर, वय अवघं वीस. १९४९ साली ‘बरसात’ आला आणि त्याच्या कमाईतून चेंबूरला आर. के. स्टुडिओ उभा राहिला. त्या स्टुडिओच्या बोधचिन्हात नायकाच्या एका हातात नायिका आहे आणि दुसऱ्या हातात व्हायोलिन आहे. ते व्हायोलिन कथेतलंच. नायक त्यावर जी धून वाजवतो तिचं मूळ रुमानियाच्या योन इव्हानोविची या लष्करी बँडमास्तराने १८८० मध्ये लिहिलेल्या डॅन्यूब नदीवरच्या वॉल्ट्झमध्ये आहे. वांसद्याच्या पेटीवाल्याने आणि आखाड्यातल्या तबलजीने पूर्व युरोपातली धून उचलली आणि ती इथे रुजवली. नक्कल म्हणून नाक मुरडणारे तेव्हाही होते. मला मात्र त्यात धाडस दिसतं.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. ‘महल’च्या तबकड्यांवर गायिका म्हणून लताबाईंचं नाव नव्हतं, पडद्यावरच्या पात्राचं, ‘कामिनी’ असं नाव छापलं होतं. ‘बरसात’च्या तबकड्यांवर मात्र त्यांचं स्वतःचं नाव आलं. काम कोणाचं आणि नाव कोणाचं, हा प्रश्न या धंद्यात पुढेही सारखा डोकं वर काढत राहिला.

‘आवारा’ (१९५१) मध्ये राज कपूर यांनी नऊ मिनिटांचं स्वप्नदृश्य घातलं. धूर, जिने, प्रचंड मूर्ती, आणि त्यावर कोरस आणि वाद्यवृंद. त्याच्या चित्रीकरणाला तीन महिने लागले. १९५३ मध्ये ‘आवारा’ कान महोत्सवात स्पर्धेत होता, १९५४ मध्ये सोव्हिएत रशियात लागला आणि तिथे सहा कोटींवर तिकिटं खपली. नऊ मिनिटांचा हा तुकडा नुसता कानांनी ऐकला तरी कथा कळते. नरकातला भाग, सुटकेसाठीची हाक आणि स्वर्गातला नाच, या तिन्हींचा नाद वेगळा आहे आणि एकातून दुसऱ्यात जाताना कुठेही सांधा दिसत नाही.

एवढा मोठा वाद्यमेळ कागदावर कोण मांडत होतं? इथे गोव्याची माणसं येतात. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या गावोगावी चर्चच्या शाळा होत्या आणि तिथला ‘मेस्त्री’ पोरांना वाचता येण्याआधी स्वरलिपी वाचायला शिकवायचा, हातात व्हायोलिन द्यायचा. ही पोरं मोठी झाली की पोटासाठी मुंबई, कलकत्ता, लाहोर, जिथे हॉटेलात बँड असेल तिथे जायची. रेईश मागूशचे सेबॅस्टियन डिसूझा असेच लाहोरच्या हॉटेलात वाजवत. फाळणी झाली, लाहोरचं सगळं विस्कटलं आणि ते मुंबईत आले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन, दोघांचीही कामं ते करू लागले आणि या जोडीबरोबर पुढची वीसेक वर्षं राहिले.

त्यांनी नेमकं काय केलं, ते सांगतो. आपल्याकडे गायकामागे वाद्यं वाजत ती बहुधा गायकाचीच चाल धरून. गायक वर गेला की सारंगीही वर. सेबॅस्टियन यांनी गायकाच्या चालीशेजारी दुसरी, स्वतंत्र चाल उभी केली. लताबाई एक ओळ लांबवत असतात तेव्हा मागे चेलो आणि व्हायोलिनं आपल्याच वाटेने, सावकाश, खाली उतरत असतात. दोन्ही वाटा समेवर भेटतात. राग बिघडू न देता हे साधणं फार अवघड. स्वरांचे थर एकावर एक ठेवायला गेलं की राग हातातून निसटतो, म्हणून सेबॅस्टियन यांनी थर कमी ठेवले आणि जागा जास्त सोडली. साठच्या दशकातलं शंकर-जयकिशन यांचं कुठलंही संथ गाणं घ्या आणि एकदा गायकाकडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त व्हायोलिनं ऐका. त्यांची स्वतःची एक गोष्ट चाललेली असते.

तालाची बाजू दत्ताराम वाडकर यांची. तेही गोमंतकीय, पण देवळातल्या आणि भजनातल्या ठेक्यांत वाढलेले. शंकर यांच्याशी त्यांची ओळख झाली ती व्यायामशाळेत. ढोलकावरचा त्यांचा एक खास ठेका इतका ओळखीचा झाला की वादक त्याला ‘दत्तू ठेका’ म्हणू लागले. ‘अब दिल्ली दूर नहीं’ (१९५७) आणि ‘परवरिश’ (१९५८) या चित्रपटांना त्यांनी स्वतंत्र संगीतही दिलं आणि ते उत्तम दिलं. पण श्रेयनामावलीत सेबॅस्टियन आणि दत्ताराम या दोघांची जागा वर्षानुवर्षं एकच राहिली: सहायक.

महालक्ष्मीच्या फेमस स्टुडिओत शंकर-जयकिशन यांची संगीताची खोली होती. चाली तिथे बसायच्या. राज कपूर यायचे, शैलेंद्र आणि हसरत असायचे. चाल ठरली की सेबॅस्टियन ती कागदावर घेत आणि प्रत्येक वाद्यासाठी वेगळी पानं तयार होत. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी एका बाजूला स्टँडवर पानं लावून बसलेले व्हायोलिनवाले, ट्रम्पेटवाले, बहुतेक गोव्याचे आणि पारशी. दुसऱ्या बाजूला ढोलक, तबला, सतार, बासरी. या दुसऱ्या बाजूला पानं नसत. त्यांनी आपली सरगम एखाद्या कागदावर देवनागरीत उतरवलेली असे, नाही तर डोक्यात ठेवलेली असे. दोन लिप्या, दोन शिक्षणं, एकच ताल. ट्रॅक एकच. गायक, कोरस, वाद्यं सगळ्यांनी एकदम, एका दमात. चौथ्या मिनिटाला एका व्हायोलिनचा गज चुकीचा पडला तर पहिल्यापासून. आज तुकड्यातुकड्याने जोडलेलं संगीत ऐकताना या शिस्तीची कल्पना येत नाही.

पार्श्वसंगीत मात्र याहून वेगळं आणि जास्त कष्टाचं. चित्रपट पुरा झाल्यावर हजार फुटांचं एकेक रीळ पडद्यावर चालवायचं. हजार फूट म्हणजे अकरा मिनिटं. कुठल्या क्षणी नायिकेने मान वळवली, कुठे दार लोटलं गेलं, तिथपर्यंत किती सेकंद, हे मोजायचं आणि तेवढ्याच मापाचं संगीत लिहायचं. मग वाद्यवृंदाने पडद्याखाली बसून, चित्र चालू असताना, ते वाजवायचं. वाद्यवृंद चालवणाऱ्याचा एक डोळा पडद्यावर, एक वादकांवर. दोन सेकंद पुढे गेलं की दार उघडण्याआधीच धक्का बसतो. या कामात जयकिशन यांची नजर विलक्षण होती. प्रसंग एकदा पाहून कुठे किती लांबीचं संगीत लागेल ते ते सांगत, असं त्यांचे सहकारी सांगायचे. दोघांच्या भागीदारीत हे खातं मुख्यतः त्यांचं. नाचाची आणि शीर्षकगीतांची गाणी शंकर यांच्याकडे जास्त. अर्थात चाल कोणाची ते बाहेर सांगायचं नाही, असा दोघांचा करार होता. पुढे ‘संगम’मधल्या एका गाण्याबद्दल जयकिशन छापील लेखात बोलून गेले आणि दोघांत जी फट पडली ती पुरती बुजली नाही.

राज कपूर यांना या पार्श्वसंगीताची किंमत ठाऊक होती. मागच्या चित्रपटात नुसत्या वाद्यांवर वाजून गेलेली एखादी धून ते वर्षानुवर्षं जपून ठेवत आणि पुढे तिचं गाणं करून घेत. ‘आह’ (१९५३) च्या पार्श्वसंगीतातली एक सुरावट १९७० मध्ये ‘मेरा नाम जोकर’मध्ये मुकेश यांच्या आवाजात आली आणि मग ती देशभर झाली. सतरा वर्षं ती चित्रपटात होतीच. शब्द नव्हते म्हणून कोणाच्या ओठावर आली नाही.

आता बक्षिसांकडे येतो. ‘फिल्मफेअर’ नियतकालिक १९५२ चं. पहिला बक्षीससमारंभ २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो सिनेमात झाला. टाइम्सच्या चित्रपट-समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या नावाने त्यांना आधी ‘क्लेअर’ म्हणत. ती बाहुली घडवली ना. ग. पानसरे या मराठी शिल्पकाराने. पहिल्या वर्षी बक्षिसं पाचच, त्यातलं एक संगीताचं, आणि ते संपूर्ण चित्रपटाच्या संगीताला नव्हे, तर एका गाण्याला. नौशाद यांना ‘बैजू बावरा’तल्या गाण्यासाठी ते मिळालं. मतं वाचकांची. आणि वाचक मत देणार ते रेडिओवर ऐकलेल्या गाण्याला. पार्श्वसंगीताची तबकडी निघत नव्हती, ते रेडिओवर लागत नव्हतं.

रेडिओचंही एक प्रकरण आहे आणि त्याच्या मध्यभागी एक मराठी माणूस आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची मनापासून निष्ठा होती आणि आकाशवाणीवर त्यांनी त्यासाठी केलेलं काम मोठं आहे. पण चित्रपटसंगीत, त्यातही पाश्चात्त्य वाद्यांचा मेळ, त्यांना खपेना. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले, तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सायानी घराघरांत पोचले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली. केसकरांना जो नाद परका वाटत होता तो वांसदा, हैदराबाद आणि गोवा इथल्या माणसांनी मुंबईत बसून बनवला होता. त्यांनी तो जरा जवळ जाऊन ऐकायला हवा होता असं मला वाटतं. १९५६ च्या ‘बसंत बहार’मध्ये याच जोडीने भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांना एकत्र गायला लावलं होतं, पन्नालाल घोष यांची बासरी घेतली होती. शास्त्रीय संगीताचा एवढा मान चित्रपटात फार थोड्यांनी राखला.

१९५७ साली ‘चोरी चोरी’साठी जोडीला पहिली बाहुली जाहीर झाली. जयकिशन आनंदाने लताबाईंकडे गेले आणि समारंभात ‘रसिक बलमा’ गाण्याची विनंती केली. लताबाईंनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बक्षीस संगीतकाराला आहे, गायकाला नाही, गीतकारालाही नाही. मग समारंभात नुसती चाल वाजवा, शब्द आणि आवाज कशाला? जयकिशन दुखावले, वाद झाला, पण त्या गायल्या नाहीत. दोन वर्षांनी, १९५९ मध्ये, फिल्मफेअरने पार्श्वगायन आणि गीतलेखन अशी दोन नवी बक्षिसं ठेवली. गायनाचं पहिलं बक्षीस लताबाईंनाच, ‘मधुमती’साठी. गीतलेखनाचं पहिलं शैलेंद्र यांना, ‘यहुदी’साठी, आणि ‘यहुदी’चं संगीत शंकर-जयकिशन यांचं.

लताबाईंच्या त्या भांडणाने दोन दारं उघडली. तिसरं दार, वाद्यमेळ रचणाऱ्याचं, उघडायला कोणी भांडलं नाही. सेबॅस्टियन यांच्यासारखा माणूस भांडणारा नव्हता आणि त्याच्याकडे तेवढं बळही नव्हतं. हे आपल्याकडेच घडलं असंही नाही. ऑस्करमध्ये पार्श्वसंगीत आणि गीत अशी दोन वेगळी बक्षिसं १९३४ पासूनच होती, पण सुरुवातीला पार्श्वसंगीताचं बक्षीस स्टुडिओच्या संगीतखात्याच्या प्रमुखाच्या हाती जाई. ‘अँथनी अॅडव्हर्स’ (१९३६) चं संगीत एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्ड यांनी लिहिलं. बाहुला मिळाला वॉर्नरच्या संगीतखात्याचे प्रमुख लिओ फोर्ब्स्टीन यांना. ‘रॉबिन हूड’साठी (१९३८) कॉर्नगोल्ड यांना स्वतःच्या नावाने तो मिळाला, कारण दरम्यान हॉलिवुडने नियम बदलला होता. फिल्मफेअरने पार्श्वसंगीताचं वेगळं बक्षीस ठेवायला १९९८ उजाडलं. पहिलं ‘गुप्त’साठी विजू शाह यांना. राष्ट्रीय पुरस्कारांत ही विभागणी कायमची झाली ती २००९ च्या चित्रपटांपासून, आणि त्या वर्षीचा मान ‘पळशी राजा’साठी इळयराजांना मिळाला. जयकिशन जाऊन तेव्हा अडतीस वर्षं होऊन गेली होती.

बाकी बाहुल्यांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला तर सगळाच गोड नाही. १९६१ मध्ये ‘दिल अपना और प्रीत पराई’ने ‘मुग़ल-ए-आज़म’ला मागे टाकलं. नौशाद यांनी ‘आन’साठी (१९५२) शंभर वादकांचा मेळ उभा करून या सगळ्यांना वाट दाखवली होती; त्यांना पहिल्या वर्षानंतर ती बाहुली पुन्हा कधी मिळाली नाही. १९६३ मध्ये ‘प्रोफेसर’समोर मदनमोहन यांचा ‘अनपढ़’ होता. १९६७ चा निकाल तर आजही बोचतो. ‘गाइड’ने चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री सगळं जिंकलं, आणि संगीताचं बक्षीस गेलं ‘सूरज’ला. सचिनदेव बर्मन यांचं ‘गाइड’ हे त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम. ‘सूरज’मधलं एक गाणं १९६६ च्या बिनाका गीतमालेत वर्षाचं पहिलं गाणं होतं, आणि मतं तिथूनच येत होती. माझ्या दृष्टीने या जोडीचं बक्षीसपात्र काम ‘संगम’ (१९६४). लंडन-पॅरिस-स्वित्झर्लंडची दृश्यं, अकॉर्डियन, भरगच्च व्हायोलिनं, आणि तीन माणसांमधला ताण शेवटपर्यंत धरून ठेवणारं पार्श्वसंगीत. १९६५ मध्ये तो ‘दोस्ती’समोर हरला. ‘दोस्ती’चे लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल शर्मा हे दोघं शंकर-जयकिशन यांना गुरुस्थानी मानणारे. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. याच गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये झेव्हियर्स कॉलेजच्या प्रांगणात भारतीय रागांवर रचलेल्या सिम्फनीचा जलसा केला, त्यात लताबाई आणि मन्ना डे गायले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं, ते सगळा देश गुणगुणला आणि ते नाव खऱ्या माणसाचं आहे हे फारच थोड्यांना माहीत होतं.

१९६८ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी एचएमव्हीने त्यांची एक तबकडी काढली, ‘रागा जॅझ स्टाइल’. चित्रपट नाही, गाणं नाही, गायक नाही. अकरा राग. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाशेको, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो आणि तबल्यावर आपले रमाकांत म्हापसेकर. लताबाईंनी १९५७ मध्ये जे सुनावलं होतं, की नुसती चाल वाजवून दाखवा, ते या जोडीने अकरा वर्षांनी खरोखरच केलं. तबकडी तेव्हा फार खपली नाही. ज्यांना या लेखातलं काहीही तपासून पाहायचं असेल त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. तोडी किंवा भैरव सतारीवर उलगडत असताना मागे ट्रम्पेट आणि ड्रम आपली वेगळी भाषा बोलतात, आणि कोणी कोणाच्या पायावर पाय देत नाही.

जयकिशन १२ सप्टेंबर १९७१ रोजी यकृताच्या विकाराने गेले. वयाची बेचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती. चर्चगेटच्या गेलॉर्डमध्ये ते रोज ज्या टेबलाशी बसत ते टेबल त्यांच्यानंतर बरेच दिवस राखून ठेवलं होतं, असं सांगतात. ‘मेरा नाम जोकर’ची बाहुली १९७२ मध्ये त्यांच्या पश्चात मिळाली. राज कपूर यांचा तो चित्रपट तिकीटबारीवर कोसळला होता, पण चार तासांच्या त्या कथेला बांधून ठेवणारं जे काही आहे, ते पार्श्वसंगीतच.

१९७३ मध्ये ‘बेईमान’ला संगीताचं बक्षीस जाहीर झालं. समोर ‘पाकीज़ा’ होता. त्याचे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच गेले होते, आणि त्यांचं अपुरं राहिलेलं पार्श्वसंगीत नौशाद यांनी पुरं केलं होतं. ‘बेईमान’मधल्याच भूमिकेसाठी सहअभिनेत्याचं बक्षीस मिळालेल्या प्राण यांनी आपली बाहुली नाकारली. संगीताचं बक्षीस गुलाम मोहम्मद यांना मिळायला हवं होतं, एवढंच त्यांनी सांगितलं. शंकर-जयकिशन यांच्यावर माझं प्रेम आहे आणि तरीही प्राण यांचं बरोबर होतं असंच मी म्हणेन.

राज कपूर ‘बॉबी’साठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे गेले. सेबॅस्टियन यांनी १९७५ च्या सुमारास काम थांबवलं आणि पुढची वीस वर्षं ते शांतपणे जगले. शंकर एकटे काम करत राहिले. ‘संन्यासी’ (१९७५) चांगला चालला, बाकीचे बरेच आले आणि गेले. चाली एकट्या शंकर यांच्या होत्या, पण २६ एप्रिल १९८७ ला ते जाईपर्यंत चित्रपटांच्या नामावलीत ‘संगीत: शंकर-जयकिशन’ हीच ओळ राहिली. ठरलेला करार त्यांनी पाळला. दोघांत फट पडल्यानंतरही पाळला.